मेळाव्याची तार

२ फेब्रुवारी १९७३, शुक्रवार. दुपारी पावणेतीनला चिटणिसांनी नगरपालिकेच्या खिडकीत सदतीस रुपये पन्नास पैसे भरले, पावती दोनदा वाचली आणि घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली. पावतीवर लिहिलं होतं : पाण्याच्या टाकीस तार बांधणे, रविवार दिनांक ११, सकाळी सात ते दुपारी चार, कारण वार्षिक मेळावा.

चिटणीस हे काही त्यांचं नाव नव्हे. पोटापाण्यासाठी ते वजनमापं खात्यात तपासनीस होते आणि निवृत्तीला त्यांची अडीच वर्षं उरली होती. पण गावातल्या 'जुने रेडिओ मंडळा'चे ते एकोणीस वर्षं चिटणीस होते, आणि ते नाव त्यांना असं चिकटलं की घरातसुद्धा बायको हाक मारायची, "चिटणीस, ताट वाढलंय, ठराव मांडत बसू नका."

खात्यात त्यांचा दरारा होता. पाच किलोचं वजन दीड ग्रॅमने कमी भरलं तरी ते शिक्का मारायचे नाहीत. एकदा एक किराणावाला हात जोडून म्हणाला, साहेब, दीड ग्रॅम म्हणजे माशीचं वजन. चिटणीस म्हणाले, मग माशी बसवून आणा, शिक्का मारतो. हा किस्सा बाजारात वर्षभर पुरला. लोक हसले, पण त्यांच्या पुढ्यात खोटं वजन आणून ठेवायची कोणाची छाती झाली नाही. जे मोजलं नाही त्यावर सही करायची नाही, हा त्यांचा एकच नियम, आणि तो ते ऑफिस सुटल्यावरही सोडत नसत. पाव्हण्याने विचारलं की स्टेशन किती लांब, तर म्हणायचे, मोजलेलं नाही, पण चालत मला चौदा मिनिटं लागतात.

रेडिओचा नाद त्यांना एकोणिसाव्या वर्षी लागला. वडील ज्यांच्याकडे कारकून होते त्या मालकाने एक बंद पडलेला लाकडी संच अडगळीत टाकला होता. तो त्यांनी उचलून आणला, चार महिने उलटासुलटा केला आणि एका रविवारी त्यातून माणसाचा आवाज निघाला. कुठल्या देशाचा, कुठल्या भाषेतला, काही कळत नव्हतं. पण त्या आवाजाला एक गोलाई होती, रुंद भांड्यात पाणी ओतावं तशी. त्या दिवसापासून ते कामातून गेले, असं त्यांची आई सांगायची. आता घरात अकरा संच होते. बायको म्हणायची, "अकरा तोंडं आहेत या घरात, आणि एकही माझ्या बोलण्याला उत्तर देत नाही. बारावं धरून."

मंडळात चौतीस माणसं होती. वर्षातून एकदा शाळेच्या चित्रकलेच्या मोठ्या खोलीत मेळावा भरायचा. शाळेच्या गच्चीवरच्या खांबापासून समोरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत एकशे ऐंशी फूट तांब्याची तार चढवायची, तिचं टोक खिडकीतून आत घ्यायचं आणि एकेक संच त्याला जोडून बघायचा. त्या उंच तारेवर अशी केंद्रं लागायची जी एरवी गावात कोणाच्या बापाला ऐकू आली नसती. मग गुण द्यायचे : आवाजाला पन्नास, पकडीला तीस, लाकडाला वीस.

गुण देण्याची त्यांची एक रीत होती. परीक्षकाने शक्यतो न कळणाऱ्या भाषेचं केंद्र लावायचं. शब्द कळायला लागले की कान शब्दांमागे धावतो आणि आवाज ऐकू येत नाही, असं मंडळाचं म्हणणं होतं. आपल्याच भाषेतलं केंद्र लागलं तर शब्द सोडून द्यायचे आणि नुसता आवाज घ्यायचा. नव्या सभासदाला हे जमायला दोन-तीन वर्षं लागत. चिटणिसांना ते इतकं जमलं होतं की कधी कधी सगळी बातमीपत्रं ऐकून झाल्यावर बायको विचारायची, काय म्हणाले हो, आणि त्यांना एक अक्षर सांगता यायचं नाही. निवेदकाला सर्दी झालीय, एवढंच ते सांगायचे.

मेळावा पाच दिवसांवर आला असताना, मंगळवारी संध्याकाळी, किनाऱ्यावरून बेटांकडे जाणारी प्रवासी बोट वादळात सापडून बुडाली. बोटीवर चारशेच्या वर माणसं होती. बुधवारी सकाळी राजधानीच्या केंद्राने बातमी दिली आणि सात दिवसांचा राष्ट्रीय शोक जाहीर झाला. नाटकं, सिनेमा, सामने, सगळं बंद. किनाऱ्याकडे जाणारा रेल्वेचा पूल वादळाने खचला होता, टेलिफोनच्या तारा जागोजाग तुटल्या होत्या. राजधानीचं केंद्र वाचलेल्यांची नावं सांगायचं आणि ज्यांची ओळख पटली त्या मृतांची. वाचलेल्यांची यादी पहिल्या दिवशी ब्याण्णव नावांवर थांबली ती पुढे सरकेना.

चिटणिसांनी बुधवारीच मनाशी ठरवलं की मेळावा रद्द. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी ऑफिसातून आल्यावर त्यांनी चौतीस पोस्टकार्डं काढली आणि मजकूर लिहायला घेतला. सहावं कार्ड चालू असताना शिंपी आला.

शिंपी मंडळाचा सभासद होता, पण शेवटच्या बाकावरचा. त्याच्याकडे एकच संच होता, दुकानात मशीनच्या वर फळीवर ठेवलेला, आणि तोही साधा. मेळाव्याला तो यायचा, तार ओढायला हात लावायचा आणि कोपऱ्यात बसून ऐकायचा. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि तेवीस वर्षांचा मुलगा, त्याला सगळे धाकटा म्हणत. शिंपी खुर्चीच्या कडेला टेकला, समोरची कार्डं त्याने वाचली आणि हळूच म्हणाला, "चिटणीस, ही कार्डं पाठवू नका."

मग त्याने सांगितलं ते असं. धाकट्याला बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. मंगळवारच्या बोटीने तो जाणार होता. वाचलेल्यांत नाव नाही, मृतांत नाव नाही. त्याची आई म्हणत होती की त्याची बोट नक्की चुकली असणार, जन्मात कुठे वेळेवर पोचलाय तो. तेही खोटं नव्हतं. धाकटा स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा येईल असा मुलगा, असं शिंपीच एरवी गमतीने म्हणायचा. आता आई त्याच गमतीवर तग धरून होती. तिच्यासमोर शिंपी मान डोलवायचा.

पण त्याच दुपारी किनाऱ्याकडून आलेल्या एका ट्रकवाल्याने त्याला एक गोष्ट सांगितली होती. तिथलं छोटं केंद्र, कोळ्यांना हवामान सांगणारं, बुधवारपासून सकाळी अकराला ओळख न पटलेल्या देहांची वर्णनं वाचायला लागलं होतं. वय, उंची, अंगावरचे कपडे. राजधानीचं केंद्र ते सांगत नव्हतं. आणि किनाऱ्याचं ते केंद्र डोंगराच्या अलीकडे कोणाच्याच घरी लागत नव्हतं.

"तुमच्या मेळाव्याच्या तारेवर ते लागतं," शिंपी म्हणाला. "दोन वर्षांमागे लागलं होतं. मी कोपऱ्यात होतो. कोळ्यांना भरतीची वेळ सांगत होते."

चिटणिसांना आठवलं. ते केंद्र धरणाऱ्या संचाला त्यांनी पकडीचे तीसपैकी सव्वीस दिले होते.

शिंप्याने धाकट्याला तीन शर्ट शिवले होते, एक करडा, एक पांढरा, एक पट्ट्यांचा. तिन्हीला आतून डाव्या बाजूला खिसा होता आणि खिशाच्या तोंडाला हूक. एकदा बसच्या रांगेत धाकट्याचा खिसा मारला गेला होता, तेव्हापासून. असा खिसा गावात दुसरं कोणी करत नव्हतं. निघताना अंगात कुठला शर्ट होता ते शिंप्याला माहीत नव्हतं, तो दुकानात होता. ते बायकोला माहीत होतं. पण तिला विचारायचं म्हणजे का विचारता तेही सांगावं लागणार. "खिसा सांगितला की मला कळेल," तो म्हणाला. "तिला काही विचारावं लागणार नाही." आणि उठताना त्याने बजावलं की हे मंडळात कोणाला सांगू नका. गोष्ट एकाच्या कानावर गेली की दुसऱ्या दिवशी बायका तिच्या दारात रडायला येतील.

तो गेल्यावर बायको आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मग नुसती तार चढवा की. मेळावा कशाला हवा?"

"परवानगी मेळाव्याची आहे," चिटणीस म्हणाले. "मेळावा नाही तर तार नाही. टाकीवर चढायला नगरपालिकेचा माणूस लागतो, तो पावती बघितल्याशिवाय जिन्याचं कुलूप काढत नाही."

"त्याला सांगा काय झालंय ते."

"सांगायचं नाही म्हणालाय तो."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. ती पोस्टकार्डं गोळा करून खणात ठेवून गेली.

शुक्रवारी संध्याकाळी फोटोवाल्याच्या स्टुडिओत तिघे बसले. हेडमास्तर अध्यक्ष, फोटोवाला खजिनदार आणि चिटणीस. मागे भिंतीवर संगमरवरी जिन्याचं चित्र होतं, त्याच्यासमोर तीन खुर्च्या. फोटोवाल्याने आल्याआल्याच म्हटलं, देशात सात दिवस शोक आहे, आपल्या अध्यक्षांचा तर बारा महिने असतो, तेव्हा सवय आहे मंडळाला. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसं बुडाली आहेत, अजून देह मिळतायत आणि आपण रेडिओचे नंबर काढत बसायचं, हे कोणत्या तोंडाने? फोटोवाल्याला आधी वाटत होतं की बाहेरगावचे पाचसहा जण निघालेही असतील, त्यांना दारातून परत कसं पाठवायचं. पण बोलता बोलता त्याला आठवलं की त्याचं दुकान भर बाजारात आहे आणि काचा त्याच्याच दुकानाला आहेत. तोही हेडमास्तरांकडे सरकला.

चिटणीस म्हणाले, मेळावा भरला पाहिजे.

दोघेही चकित झाले. एकोणीस वर्षांत चिटणिसांनी स्वतःचं मत कधी मांडलं नव्हतं. ते इतरांची मतं लिहून घ्यायचे. हेडमास्तरांनी कारण विचारलं. चिटणीस म्हणाले, कारण सांगता येत नाही.

"चिटणीस, तुम्ही दीड ग्रॅमचं कारण लेखी देता," हेडमास्तर म्हणाले. "आणि आज मला तोंडीसुद्धा देत नाही?"

"नाही देता येत. पण भरवा. मी कधी काही मागितलेलं नाही मंडळाकडे."

मग हेडमास्तरांनी अटी घातल्या. चहा नाही, बिस्किटं नाहीत, बक्षिसं नाहीत, फोटो नाही. सगळे संच झाकलेले राहतील. सुरुवातीला दोन मिनिटं उभं राहायचं. एकच संच लावायचा आणि त्यावर फक्त बातम्या. आणि त्यानंतर ते अध्यक्षपदाचा राजीनामा देतील, तो चिटणिसांनी लिहून घ्यावा. चिटणिसांनी तिथेच लिहून घेतला, तारखेसह.

एक गोष्ट चिटणिसांनी आधीच चौकशी करून ठेवली होती. रविवारी दुपारी दीड वाजता चौकातून मदतीचा ट्रक किनाऱ्याकडे जाणार होता, घोंगड्या आणि औषधं घेऊन, डोंगरातल्या जुन्या रस्त्याने. त्यात नातेवाइकांना जागा होती, पण ज्यांच्या माणसाची ओळख पटली आहे अशांनाच. तिकडे खायला नव्हतं, राहायला नव्हतं, नुसत्या शोधाशोधीला येणाऱ्यांची गर्दी नको होती. पुढचा ट्रक बुधवारी. शिंप्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, खिसा निघाला तर मी परस्पर चौकातूनच बसतो.

रविवारी एकवीस माणसं आली. सकाळी तार चढली. दर वर्षी तार ओढताना आरडाओरडा व्हायचा, या वर्षी नुसत्या टाकीच्या जिन्यावर चपला वाजल्या. टेबलांवर संच ओळीने मांडले होते, प्रत्येकावर चादर किंवा टॉवेल. शाळेच्या फाटकावर कोणीतरी वहीचा कागद चिकटवला होता : यांच्या घरचं कोणी गेलेलं दिसत नाही. चिटणीस तो काढायला गेले तेव्हा शिंपी आधीच तिथे उभा होता. त्याने तो वाचला आणि अंगठ्याच्या नखाने खरवडून काढला, खळ वाळली होती तरी कागदाचा कण राहू दिला नाही.

दोन मिनिटं सगळे उभे राहिले. पावणेअकराला चिटणिसांनी आपला सगळ्यात चांगला संच उघडला. हाच तो मालकाच्या अडगळीतला, आता त्यातला एक खिळासुद्धा मूळचा राहिला नव्हता, पण आवाजाची गोलाई तीच. तारेचं टोक जोडलं, काटा सरकवला. खरखर आली, एक लांबचं गाणं आलं ते त्यांनी घाईने मागे टाकलं, आणि मग बाईचा आवाज लागला. हवामान. समुद्र शांत. मग ती थांबली आणि दुसरा, पुरुषाचा, आवाज वाचायला लागला. कालपर्यंत सापडलेले, अजून ओळख न पटलेले. क्रमांक एक.

खोलीत कोणी हललं नाही. हेडमास्तरांनी चिटणिसांकडे बघितलं. हे असलं काही लागणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या शिंप्याकडे गेली. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढे झुकला होता, आणि हेडमास्तरांना समजलं. ते उठून गेले आणि शिंप्याच्या शेजारी बसले.

वाचणारा माणूस सावकाश वाचत होता. चार-पाच ओळी झाल्या की थांबायचा, कागद उलटल्याचा आवाज यायचा. क्रमांक सात, हातात तीन बांगड्या. क्रमांक अकरा, मूल, पायात एकच बूट. आवाज स्पष्ट होता. सगळ्यांना ऐकू येत होता, मागच्या ओळीतल्या कमी ऐकू येणाऱ्या घड्याळजीलासुद्धा. फक्त तो जरा नाकातून येत होता. पंधराव्या क्रमांकानंतर ते जास्त जाणवायला लागलं. असं होतं, संच तापला की काटा केसभर सरकतो. आवाजातली गोलाई गेली होती, त्याला एक पातळ, पत्र्यासारखी कड आली होती. चिटणिसांचा हात बटणाशेजारी टेबलावर होता.

"क्रमांक बावीस," आवाज म्हणाला. "पुरुष, वय वीस ते पंचवीस, मध्यम उंची. अंगात करडा शर्ट..."

आणि चिटणिसांनी बटण केसभर फिरवलं.

शिट्टी आली. लांब, चढत जाणारी. त्यांनी बटण मागे घेतलं, ते जरा जास्त मागे गेलं, दुसरंच कुठलं तरी केंद्र क्षणभर घुसलं, परत शिट्टी. सगळं मिळून दहा-बारा सेकंद झाले असतील. मग आवाज आला, आधीपेक्षा भरदार, अगदी गोल, आणि तो म्हणाला, क्रमांक तेवीस, स्त्री.

शिंपी उभा राहिला होता.

"चिटणीस, काय म्हणाले ते?"

कोणाला काही ऐकू आलं नव्हतं. फोटोवाल्याला वाटलं 'खिशात' असं काहीतरी ऐकलं, पण मग तो म्हणाला, नाही, शपथेवर नाही सांगता येणार. यादी एकोणपन्नासपर्यंत गेली. बाकी कुठेही करडा शर्ट नव्हता, आतला खिसा नव्हता. शेवटी आवाजाने सांगितलं की ही यादी पुन्हा वाचली जाणार नाही, उद्या पुढचे क्रमांक.

शिंप्याने मग खिशाचं सगळ्यांना सांगितलं, तेव्हा हेडमास्तरांनी सुचवलं की घरी जाऊन विचारा, निघताना करडा शर्ट होता का. शिंपी म्हणाला, विचारलं आणि ती हो म्हणाली तर तिथून पुढे काय करू, आणि नाही म्हणाली तरी ती मला सोडेल का? मग सगळे मिळून त्याला चौकात घेऊन गेले. ट्रक भरत होता. मदत समितीचा एक कारकून वही घेऊन नावं उतरवत होता. हेडमास्तरांनी पुढे होऊन सांगितलं की यांच्या मुलाचं वर्णन आज रेडिओवर आलं, क्रमांक बावीस. कारकुनाने विचारलं, कोणी ऐकलं? किनाऱ्याचं केंद्र इथे कुठे लागतं? तेव्हा सगळ्यांनी चिटणिसांकडे बोट केलं. कारकून त्यांना ओळखत होता. त्याच्या सासऱ्याचं धान्याचं दुकान होतं.

"तुम्ही ऐकलं असेल तर प्रश्नच नाही," तो म्हणाला. "वर्णन जुळलं ना पूर्ण?"

चिटणीस म्हणाले, "अर्धंच ऐकू आलं."

"म्हणजे?"

"करडा शर्ट एवढंच. खूण ऐकू आली नाही."

कारकून अवघडला. त्याने हेडमास्तरांकडे बघितलं, शिंप्याकडे बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. चिटणीस नुसते 'हो' म्हणाले असते तर त्याने लिहून टाकलं असतं, त्याचं पेन कागदावर टेकलेलंच होतं. तो म्हणाला, करडा शर्ट तर निम्म्या गावाकडे आहे हो. बुधवारी बघू, तोपर्यंत नक्की काय ते कळेल. शिंप्याने मान हलवली. वाद घालायचा त्याचा स्वभावच नव्हता. गिऱ्हाइकाने बाही आखूड झाली म्हटलं तर माप बरोबर असतानाही तो उसवून द्यायचा.

त्या दिवशी चार वाजता तार उतरवायची होती. चिटणिसांनी ती उतरवू दिली नाही. नगरपालिकेच्या माणसाने पावतीवरची वेळ दाखवली, तर ते म्हणाले, मला वाचता येतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते परवानगीवाचून काही करत होते आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. सोमवारी त्यांनी रजा टाकली, शाळेच्या शिपायाकडून खोली उघडून घेतली आणि अकराला शिंप्याबरोबर बसले. यादी पन्नासपासून सुरू झाली. मंगळवारी एकोणसत्तरपासून. दोन्ही दिवस आवाज रविवारपेक्षा खराब होता, मध्ये मध्ये खरखर होती, आणि चिटणिसांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. खिसा आला नाही.

बुधवारच्या ट्रकमध्ये नियम सैल झाला होता, कोणालाही घेत होते. शिंप्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, करडाच होता, मीच इस्त्री केली. एवढं बोलून ती आत गेली. चिटणिसांची बायको जाऊन तिच्याजवळ राहिली, चार दिवस घरी आली नाही. शिंप्याने निघताना चिटणिसांकडून प्रवासासाठी ऐंशी रुपये घेतले. चिटणीस म्हणाले, परत द्यायचे नाहीत. शिंपी म्हणाला, उसनेच घेतो, नाहीतर नको.

तो पाचव्या दिवशी आला. चिटणीस दुकानात गेले तेव्हा तो मशीनवर होता, कोणाची तरी विजार शिवत होता. हात न थांबवता त्याने सांगितलं. तिथे एका गोदामात कचेरी होती. रजिस्टर होतं. क्रमांक बावीस, करडा शर्ट, आतून डाव्या बाजूस शिवलेला खिसा, तोंडाला हूक, खिशात काही नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही म्हणून मंगळवारी सकाळी सगळ्यांबरोबर पुरलं, टेकडीच्या मागे. कपडे जाळले होते, रोगराईच्या भीतीने. रविवारचा ट्रक सोमवारी दुपारी पोचला होता. त्यातून गेलेल्या चौघांना आपापली माणसं मिळाली होती, ते त्याने कचेरीतच ऐकलं. जागा त्याला दाखवली, पण तिथे लांबच लांब एकच चर होता, आणि कुठला क्रमांक कुठे, ते दाखवणाऱ्यालाही नीट सांगता येत नव्हतं.

मग त्याने मशीन थांबवलं.

"चिटणीस, एक विचारू? आवाज चांगला येत होता. सगळ्यांना ऐकू येत होता. तुम्ही हात का लावलात?"

चिटणिसांनी खरं तेच सांगितलं. खरं सोडून दुसरं सांगायची त्यांना सवय नव्हती.

"नाकातून येत होता," ते म्हणाले.

शिंप्याने मान हलवली, जशी तो बाहीच्या तक्रारीला हलवायचा, आणि मशीन सुरू केलं.

चौकातल्या त्या प्रश्नाबद्दल त्याने कधी काही विचारलं नाही. चिटणिसांनी मात्र ते बायकोला सांगितलं, महिन्याभराने, जेवताना. ती म्हणाली, मला माहीत आहे, फोटोवाल्याने सांगितलं. तुमच्या जागी दुसरा कोणीही असता तर हो म्हणाला असता. चिटणीस म्हणाले, पण ऐकलं नव्हतं. बायको म्हणाली, मी कुठे म्हणते ऐकलं होतं. आणि तिने त्यांच्या ताटात आणखी वाढलं.

हेडमास्तरांनी राजीनामा परत घेतला नाही. पुढच्या वर्षी मेळावा भरला, चहाबिस्किटांसकट, आणि चिटणिसांनी चिटणीस म्हणून सगळी व्यवस्था केली. फक्त गुण देण्याचं काम त्यांनी घड्याळजीकडे दिलं. घरचे संच त्यांनी विकले नाहीत. संध्याकाळी ते बातम्या लावायचे आणि बायकोने विचारलं की काय म्हणाले, तर सांगायचे, एकेक बातमी, क्रमाने, काही न गाळता. ती कधी कधी म्हणायची, पुरे आता. तरी ते शेवटपर्यंत सांगायचे.

शिंपी दर महिन्याच्या एक तारखेला यायचा आणि पाच रुपये ठेवून जायचा. चिटणिसांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतले. बसायचा नाही, दारातूनच जायचा. असे चौदा हप्ते झाले. पंधराव्या महिन्यात त्याने दुकान आवरलं आणि नवराबायको मोठ्या मुलीकडे राहायला गेली, पत्ता देऊन गेली नाहीत.

दहा रुपये येणे आहेत.